दा म्हणजे डावा

नाहूर
रविवार, दुपार

प्रिय अनू,

व्हिएतनामला जाऊन आले, पण बोरिवलीला येववत नाही. बघ कसं आहे ते. विमानात बसले, तिथल्या साहेबासमोर पासपोर्ट धरून गंभीर चेहऱ्याने उभी राहिले, भाताच्या खाचरांमधून सायकल हाकली, पण आपल्या नाहूरहून बस बदलून तुझ्या हर्षदच्या घरी यायचं म्हटलं की पाय जड होतात. चपला घालते आणि परत काढते. मागच्या वेळी तू 'नको' म्हणालीस ना, ते कानातून जात नाही. फोन करावा, तर मीच बोलणार आणि पलीकडे नुसता तुझा श्वास ऐकणार. जन्मभर तू बोललीस आणि मी साडीच्या फॉलला टाके घालत 'हूं, हूं' केलं. आता मी बोलायचं म्हणजे वाढप्याला पंगतीत बसवल्यासारखं, हात कुठे ठेवावेत कळत नाही. म्हणून पत्र. ऋतिका वाचून दाखवेल. ऋतिका बाळा, माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग आहे, सावकाश वाच. आणि तुझं नाव येईल तिथे गाळू नकोस, सासूला सगळं कळू दे.

दमले गं अनू. येऊन बरेच दिवस झाले तरी शीण काही उतरत नाही. गुडघा उकडलेल्या रताळ्यासारखा झालाय. लोक जिन्यात गाठतात, 'काय काकू, कसं झालं व्हिएतनाम?' मी म्हणते, 'झकास.' एवढंच ऐकायचं असतं त्यांना. खरं सांगायचं तर अर्धं व्हिएतनाम मी गाडीच्या काचेतून पाहिलं. का, ते सांगते पुढे. तुझी सायकल माझ्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी आहे. डावीकडे जरा वाट लागली आहे तिची. आधीच सांगून टाकते, नाहीतर पत्रभर तू तेच शोधत बसशील. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे. गॅलरीतला ओवा माजलाय नुसता. भजी कोणी करत नाही, म्हणून माजलाय.

आपण सायकल शिकलो ते आठवतंय ना? तू वॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालीस, आणि लोक जिथे देवळात जाऊन बसतात तिथे तू नातीची टाकलेली सायकल घेऊन मिठागराकडच्या रस्त्याला उभी राहिलीस. मला म्हणालीस, 'मागून धर.' मी कशी धरणार, मला कुठे सायकल येत होती? पण धरली. तू पडलीस, मी हसले. मग मी बसले, तू धरलंस, मी पडले, तू माझ्या दुप्पट हसलीस. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे चुकलं काय हे सांगायलाही कोणी नव्हतं. तेच बरं झालं. तुझं ते ओरडणं, 'काय गो पद्मे, सायकल चलवतंस काय जातां फिरवतंस? चाकाक काय बघतंस, फुडे बघ!' आणि वॉचमनने विचारलं होतं, 'आजी, सर्कस कधी आहे?' तेव्हा तू पाय न टेकता म्हणालीस, 'तुझा पगार झाला की. पहिल्या रांगेचं तिकीट काढ.' त्यानंतर तो सलाम ठोकायला लागला. आता मी एकटी बाहेर पडते तर बिचारा विचारतो, 'दुसऱ्या आजी?' मी म्हणते, 'येतील.'

मग आपण विशालच्या रविवारच्या सायकल ग्रुपात शिरलो. सगळी पोरं घट्ट कपड्यांतली, आणि आपण दोघी पंजाबी ड्रेसवर हेल्मेट घातलेल्या. मनोरीला गेलो तेव्हा मार्व्याहून होडीत सायकली चढवल्या, आणि तू मधोमध उभी राहून जाहीर केलंस, 'आता समुद्र ओलांडला. पुढच्या वेळी परदेशच.' तिथल्या वाटेवर माझी चेन उतरली. मी रडकुंडीला आले, तू केसातला आकडा काढून चेन उचललीस, दात्यांवर चढवलीस आणि काळे झालेले हात माझ्या नव्या ओढणीला पुसलेस. वर म्हणालीस, 'शोभता तुका.' ती ओढणी मी धुतली, पण डाग गेला नाही. गेला नाही तेच बरं.

विशालने व्हिएतनामचं काढलं तेव्हा सगळ्यात पहिलं नाव तू दिलंस. माझंही तूच दिलंस, मला न विचारता. फोटो काढायला गेलो तर फोटोवाला सारखं सांगत होता, 'हसू नका, पासपोर्टचा आहे,' आणि आपल्याला काही केल्या ते जमेना. आणि मग तुझं ते झालं. स्वयंपाकघरात पडलीस, शेजाऱ्यांनी दार उघडलं, हर्षद धावत आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. हर्षदने तुला बोरिवलीला नेलं, ते योग्यच केलं. एकटीला इथे कोण बघणार? मी बघितलं असतं, पण मी कोण? शेजारीण. डॉक्टरच्या कागदावर शेजारणीचा रकाना नसतो.

तुला तिकडे भेटायला आले, तो दिवस मी कितीदा उलगडला आणि पुन्हा घडी करून ठेवला, विचारू नकोस. नारळाच्या वड्या घेऊन आले होते. तू खुर्चीत, उजवा हात मांडीवर ठेवलेला, कोणीतरी ठेवून दिल्यासारखा. मी विचारलं, 'अनू, ग्रुप निघालाय. तुझ्याशिवाय मी जाऊ का?' तू म्हणालीस, 'नको.' हर्षद म्हणाला होता की तुझी सायकल हलकी आहे, तीच न्या. म्हणून विचारलं, 'तुझी सायकल नेऊ?' 'नको.' मग माझं काळीज लहान झालं. विचारलं, 'पण मी येत राहीन ना इकडे?' आणि तू मान जोरात हलवत 'नको, नको, नको' म्हणालीस. डोळे भरलेले, तोंड लाल. मी उठले. लिफ्टपाशी हर्षद म्हणाला, 'काकू, मनावर घेऊ नका. आई हल्ली कोणालाच भेटत नाही. पण सायकल न्याच. ती नाही, तर तिची सायकल तरी जाऊन येईल.' मी गेले. हट्टाने गेले म्हण, रुसून गेले म्हण. या वयात रुसणं म्हणजे कवळी लावून ऊस खाणं, दुखतं आपल्यालाच.

आता सायकलीचं. विमानात न्यायची तर पॅडल काढून, हँडल वळवून खोक्यात भरावी लागते. मुलुंडच्या सायकलवाल्या नंदकिशोरने भरून दिली. आपला तोच, गोरखपूरचा, तुला 'दीदी' आणि मला 'माताजी' म्हणणारा. तू त्यावरून मला किती छळलंस! त्याने दोन्ही पॅडल वेगवेगळ्या पुड्यांत बांधली आणि वर मार्करने लिहिलं, एकीवर 'दा', दुसरीवर 'बा'. होई आन नावाच्या गावी हॉटेलच्या अंगणात सगळे सायकली जोडत बसले. विशाल म्हणाला, 'काकू, थांबा, मी करतो.' मी म्हटलं, 'बाळा, शिलाई मशीन खोलून जोडणारी बाई मी, मला पॅडल काय सांगतोस?' पुडी उघडली. दा. म्हटलं, दा म्हणजे डावा. नंदकिशोरकडून शुद्धलेखनाची अपेक्षा कशाला करायची, 'ड'ला 'द' लिहिला असेल. आणि मग बा? बा म्हणजे बाकीचा! डावा एकदा ठरला की दुसरं बाकीचंच ना? तू असतीस तर तिथेच कपाळावर हात मारला असतास. मी मात्र खूश होऊन डावीकडे 'दा' लावलं. जाईना. पान्यावर सगळं वजन टाकलं, कुरकुरत गेलं. म्हटलं, परक्या हवेत घट्ट झालं असेल. उजवीकडे 'बा', तेही तसंच कुरकुरत. हात झटकले आणि सगळ्यांना भाजणीचे वडे वाटले.

दुसऱ्या दिवशी निघालो. अनू, तुझ्या गावासारखंच आहे गं तिकडे. दोन्हीकडे भात, मधून बांधासारखा अरुंद रस्ता, नारळ, खाडीत जाळी टाकलेली. फक्त म्हशींच्या पाठीवर बगळ्यांची गर्दी जास्त आणि माणसांच्या डोक्यावर टोपल्यांसारख्या टोप्या. मी तुझ्या सीटवर बसून मनात तुला सांगत चालले होते, हे बघ, ते बघ. आणि मधूनच आठवायचं, तू 'नको' म्हणाली होतीस. मग नुसतं समोर बघून पॅडल मारायचे. पोरं पुढे गेली. माझ्याबरोबर गंधाली होती, माझ्या खोलीतली जोडीदार, भांडुपच्या बँकेत असते ती. तोंडाची टकळी थेट तुझ्यासारखी. डावा पाय मला मघापासून वेडावाकडा वाटत होता. मी गुडघ्याला शिव्या देत होते. आणि एकदम पायाखाली काही नाहीच! मी बांधाच्या कडेला कशीबशी पाय टेकून उभी राहिले आणि गंधाली किंचाळली, 'काकू, वाट लागली! पॅडल तुमच्या बुटाखाली आहे, सायकलला नाही!'

पॅडल उचललं तर आसाच्या टोकाला बारीक इंग्रजी अक्षर कोरलेलं. 'आर.' गंधाली म्हणाली, 'काकू, हे राइटचं आहे. तुम्ही लेफ्टला कसं घातलं?' मी म्हटलं, 'नंदकिशोरने दा लिहिलं होतं. दा म्हणजे डावा.' तिने पॅडल माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाली, 'काकू, दा म्हणजे दायाँ! उजवा! आणि बा म्हणजे बायाँ!' आणि मग आम्ही दोघी त्या परक्या देशात, भर उन्हात, रस्त्यावर उकिडव्या बसून हसलो. हसता हसता मला रडू आलं, ते तिला कळलं नसेल. त्याच्या भाषेत उजवा, माझ्या कानात डावा. त्याने बरोबर लिहिलं होतं, मी मन लावून वाचलं होतं, आणि तरी पॅडल बसतं त्या दांड्यातले पेचाचे आटे गेले.

समोर झाडाखाली उसाच्या रसाची गाडी होती. गाडीवर एक बाई, आपल्याच वयाची, टोपलीसारखी टोपी, हातात मोजे. ती प्लास्टिकचं लाल स्टूल घेऊन आली, माझ्यापुढे ठेवलं आणि काहीतरी म्हणाली. शेवटचा शब्द 'खोम'. आता विशालने आम्हाला दोनच शब्द शिकवले होते, 'काम अन' म्हणजे आभार आणि 'खोम' म्हणजे नाही. मी गंधालीला म्हटलं, 'नाही म्हणतेय बाई. इथे बसायचं नाही.' आणि गुडघा ठणकत असताना तशीच उभी राहिले. थोड्या वेळाने ती रसाचा ग्लास घेऊन आली. पुन्हा काहीतरी, आणि शेवटी 'खोम'. मी हात जोडले, मागे सरले. म्हटलं, दाखवते कशाला, द्यायचा नाही तर? मग ती गेली आणि गाडीखालून मोठा पाना घेऊन आली. 'खोम?' मी म्हटलं, 'बघ, हत्याराला पण हात लावू देत नाही. आपली ही कसली अवदसा.' पण अनू, ती बाई पाना पुढे धरूनच उभी. हात काही मागे घेईना. दुसऱ्या हातात अजून तो ग्लास.

गंधालीने मोबाइलला तिचं बोलणं ऐकवलं, भाषांतर आलं, आणि पोरगी उडालीच. 'काकू, ती विचारतेय! बसता का नाही, पिता का नाही, पाना हवा का नाही! त्यांच्यात प्रश्नाच्या शेवटी 'नाही' लावतात!' मी स्टुलावर मटकन बसले. आपल्यात तरी वेगळं काय आहे गं? जन्मभर माझ्या दाराशी उभी राहून तू काय ओरडलीस? 'येतंस काय नाय?' त्यातलं 'नाय' मी कधी ऐकलंच नाही. पायात चप्पल अडकवून निघायचे. रस प्यायले. आत संत्र्यासारखं काहीतरी आंबट पिळलेलं होतं, तुला आवडलं असतं.

आता दुरुस्ती ऐक, म्हणजे तुझ्या सायकलीचं काय काय केलं ते कळेल. डावं पॅडल, म्हणजे 'बा', उजवीकडून काढलं. ते सैलच झालं होतं, थोड्या वेळात तेही पडलं असतं. डाव्या दांड्यात ते घालायला लागलो तर गंधाली उजवीकडे पिळतेय, पिळतेय, जातच नाही. तेव्हा मला मिक्सर आठवला. मोटरवरची ती काळी चकती बदलताना आपण नेहमीच्या सवयीने फिरवतो आणि ती आणखी घट्ट बसते. तिचे आटे उलटे. तसं तर नसेल? उलटं फिरवून बघितलं. जरा धरलं, पण आटे माझ्या आदल्या दिवशीच्या जोरामुळे तोंडाशी चेंगरलेले, पुढे सरकेना. बसले बघत. गंधाली म्हणाली, 'सोडा काकू, विशालला गाडी पाठवायला सांगते.' मी म्हटलं, थांब. कापडाची सुलट बाजू झिजली की मी काय करते? उलट बाजूने टाका घेते. दांड्याला आतल्या अंगानेही भोक आहेच की. आतल्या बाजूने पॅडल लावलं, तिकडचे आटे धड होते. हळूहळू, तेलाचा थेंब घालून, थोडं पुढे, थोडं मागे, असं करत करत चेंगरलेल्या आट्यांमधून ते बाहेरच्या तोंडापर्यंत आणलं. मग काढून बाहेरून लावलं. गेलं! रसवाली बाई टाळ्या वाजवत म्हणाली काहीतरी, शेवटी 'खोम' नव्हतं एवढं मला कळलं. उजवीकडेही तसंच केलं. हात कोपरापर्यंत काळे. पुसायला दुसऱ्या कोणाची नवी ओढणी नव्हती, तुला मिळाली होती तशी.

त्या पॅडलवर मी हॉटेलपर्यंत आले, पण एका पायावर जीव ठेवून. विशाल म्हणाला, 'काकू, मानलं तुम्हाला, पण आता रिस्क नको. दांडा बदलावा लागेल.' म्हणून उरलेले दिवस मी सामानाच्या गाडीत बसले आणि तुझी सायकल मागे आडवी. पोरं फोटो काढायची, मी खिडकीतून हात हलवायचे. वाईट नाही वाटलं. खरंच दमले होते, आणि मला विचार करायचा होता.

कारण त्या लाल स्टुलावर मला तुझा चहा आठवला होता. तुझ्याकडे आले त्या दिवशीचा. ऋतिका, हे तुझं. ऋतिकाने विचारलं, 'आई, चहा घेता?' तू म्हणालीस, 'नको.' तिने तरी दिला. आणि तू डाव्या हाताने कप धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलीस, वर रिकामा कप मला उलटा करून दाखवलास. ऋतिका हसून म्हणाली होती, 'आमच्या आईंचं असंच. सगळ्याला नको म्हणतात आणि ताट चाटूनपुसून ठेवतात.' मी पण हसले होते तिच्याबरोबर. हसले आणि पुढच्याच घटकेला तुला ते तीन प्रश्न विचारले, आणि तीन 'नको' पदरात बांधून घरी आले. चहाचं 'नको' खोटं आणि माझं तेवढं खरं, हे कोणी ठरवलं? मीच ना? डोक्यातले शब्द जर पुड्यांसारखे अदलाबदल होऊन बसले असतील, तर हाताला जो लागेल तो बाहेर येत असेल तुझ्या. आणि चुकीचा आला म्हणून तूच मान हलवत असशील, तूच रडत असशील. ती रसवाली बाई मी तीनदा मागे सरले तरी हात पुढे धरून उभी होती. ना ओळख, ना पाळख. आणि मी तुझी मैत्रीण, चप्पल घालून निघाले.

किंवा नसेलही तसं. खरंच नको असेन मी तुला. धडधाकट पायांनी येऊन, तुझीच सायकल मागणारी बाई कोणाला हवी? तुझ्या जागी मी असते तर मीही कदाचित तोंड फिरवलं असतं. हर्षदला विचारलं असतं तर त्याने भलं वाटेल ते सांगितलं असतं. ऋतिकालाही विचारलं नाही. हे तुझं तूच सांगायला हवंस, आणि मला कळेल अशा कुठल्यातरी बाजूने.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी मी उठले तेव्हा तू माझा पदर धरला होतास. डाव्या हाताने. मला वाटलं, खुर्चीत तोल जातोय तुझा. मी तुझी बोटं एकेक करून सोडवली, तुझा हात उचलून तुझ्या मांडीवर, उजव्या हाताशेजारी ठेवला आणि निघून आले. ऋतिका, इथे आवाज बदलू नकोस गं, सरळ वाच. अनू, तोल जाणारं माणूस खुर्चीचा हात धरतं. पदर कोण धरतं?

तर मी येत्या बुधवारी येते, एवढं सांगायला हे सगळं लिहिलं. ऋतिका, तिला आधी विचारू नकोस, नुसतं दार उघड आणि चहा टाक. अनू, तू 'नको' म्हणशील, ते म्हण, तुझ्या तोंडाला येईल ते म्हण, मी त्यावर जाणार नाही. मी साडी नेसून येते. तुझ्या डाव्या बाजूला बसेन आणि पदर जरा लांब ठेवेन. चहा पिऊन होईपर्यंत तू हात लावला नाहीस, तर मी उठेन, कप विसळून ठेवेन, पुन्हा तुला त्रास द्यायला येणार नाही आणि रागही धरणार नाही. पण धरलास, तर या वेळी तो तुलाच सोडवावा लागेल. मी फार दमले आहे गं, माझ्याच्याने आता सोडवणार नाही.

तुझ्या दाराशी चप्पल काढायला निघालेली,
तुझीच
पद्मी